विश्लेषण : गावातले इंटरनेट बंद पडले, हे आधी कोणाला कळते? राउटरचे ‘अलर्ट’ कसे लावतात?

खरिपाच्या पीक विम्याची मुदत साधारणपणे ३१ जुलैला संपते. वाशिमसारख्या सोयाबीन-तुरीच्या जिल्ह्यात त्याआधीच्या आठवड्यात गावोगावच्या सेवा केंद्रांसमोर सातबारा आणि बँकेचे पासबुक घेऊन शेतकरी उभे असतात. नेमक्या अशा वेळी कपाटावरच्या डब्यातला हिरवा दिवा लाल झाला, की ‘नेट कधी येणार?’ हा एकच प्रश्न सगळे विचारू लागतात. पण त्याआधीचा एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो म्हणजे, नेट गेल्याचे दुरुस्ती करणाऱ्याला कळले आहे का? केंद्रचालकाने फोन करून तक्रार नोंदवल्यावर कळणे आणि राउटरने स्वतःहून मिनिटभरात कळवणे, यात अनेकदा अख्ख्या दिवसाचा फरक पडतो. ही सोय बहुतेक राउटरमध्ये आधीपासूनच असते. ती नीट लावावी मात्र लागते. ती कशी लावतात आणि कुठे चुकते, याचा हा आढावा.

वाशिमसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख असून त्यातील बहुतांश लोक खेड्यांत राहतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये सुरू केलेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांच्यासोबत वाशिमची निवड झाली. या कार्यक्रमात आरोग्य, शिक्षण, शेती, वित्तीय समावेशन अशा निर्देशकांची माहिती सतत ऑनलाइन भरावी लागते. जन्म-मृत्यूची नोंद, दाखले, ग्रामपंचायतीचे हिशेब, पीक विमा, बायोमेट्रिकवर पैसे काढणे ही कामेही आता जोडणीवर अवलंबून आहेत. शहरात एक सेवा बंद पडली तर लोक शेजारच्या दुकानात जातात. गावात एकच केंद्र असेल, तर तालुक्याची एसटी धरावी लागते. मजुरी बुडते, भाडे जाते आणि तालुक्याला पोहोचल्यावर तिथेही रांग असते. त्यामुळे बिघाड किती वेळ टिकला, याची किंमत गावात जास्त मोजावी लागते.

गावापर्यंत इंटरनेट येते कसे?

ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिलाच ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. एक लाखाहून अधिक ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाला. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्याच्या ‘महानेट’ प्रकल्पातून हाती घेण्यात आले. सुरुवातीच्या रचनेत तालुक्याच्या ठिकाणी एक मोठे यंत्र असते, त्याला ओएलटी म्हणतात. तिथून निघालेली फायबर वाटेत फाटे फुटत एकेका ग्रामपंचायतीत पोहोचते. तिथल्या छोट्या डब्याला ओएनटी म्हणतात. ही रचना झाडासारखी आहे. फांदी तुटली की तिच्यावरची सगळी पाने गळतात.

४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात ही रचना बदलण्याचे ठरले. १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या या कार्यक्रमात ग्रामपंचायती वर्तुळाकार, म्हणजे ‘रिंग’ पद्धतीने जोडायच्या आहेत. तालुका आणि ग्रामपंचायत अशा दोन्ही ठिकाणी राउटर, वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था, फायबरवर दूरवरून लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि १० वर्षांची देखभाल, या बाबीही त्यात आहेत. ग्रामपंचायतीत राउटर आला, की तो काय सांगू शकतो आणि आपण त्याला काय सांगायला लावतो, हा विषय फक्त मोठ्या शहरांतल्या अभियंत्यांपुरता राहत नाही.

राउटरचा ‘अलर्ट’ म्हणजे काय?

दूरवरच्या यंत्राची खुशाली कळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला हजेरीचा. देखरेख केंद्रातला संगणक दर काही मिनिटांनी प्रत्येक राउटरला विचारतो, ‘चालू आहेस का? तुझ्यावर भार किती? तापमान किती?’ दुसरा मार्ग वर्दीचा. काही घडले की राउटर विचारण्याची वाट न पाहता स्वतःच कळवतो. या दोन्हींसाठी जगभर वापरला जाणारा नियमसंच म्हणजे एसएनएमपी. त्याची पहिली आवृत्ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. हजेरीचे प्रश्न यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर जातात, तर वर्दी १६२ क्रमांकावर येते. या वर्दीला ‘ट्रॅप’ असे नाव आहे.

ट्रॅप साध्या टपालासारखा असतो. पाठवला की राउटरचे काम संपले. तो पोहोचला की वाटेत हरवला, हे राउटरला कळत नाही. याचाच दुसरा प्रकार म्हणजे ‘इन्फॉर्म’. त्यात पोचपावती मिळते आणि ती आली नाही तर राउटर निरोप पुन्हा पाठवतो. यांच्या जोडीला ‘सिसलॉग’ ही राउटरची रोजनिशी असते. घडलेली प्रत्येक गोष्ट तो वेळेसह लिहून ठेवतो आणि सांगितल्यास दुसऱ्या सर्व्हरकडेही पाठवतो.

वीज गेली की तार तुटली?

दुरुस्तीला निघणाऱ्या माणसाला सर्वांत आधी हेच हवे असते. तार तुटली असेल तर जोडणीचे यंत्र घेऊन दोन-तीन माणसांची गाडी न्यावी लागते. वीज गेली असेल तर गाडी नेऊन काहीच उपयोग नसतो. दोन्ही वेळी देखरेख केंद्राच्या पडद्यावर मात्र ‘संपर्क नाही’ एवढेच दिसते.

यावर फायबर तंत्रज्ञानात एक सुंदर तोडगा आहे. ग्रामपंचायतीतल्या डब्याची वीज अचानक गेली, तरी त्यातल्या कपॅसिटरमध्ये किंचित ऊर्जा शिल्लक राहते. बंद पडण्यापूर्वीच्या त्या काही मिलिसेकंदांत डबा तालुक्याच्या यंत्राला शेवटचा निरोप धाडतो. तांत्रिक भाषेत याला ‘डाइंग गॅस्प’, म्हणजे अखेरचा श्वास म्हणतात. हा निरोप येऊन संपर्क तुटला, तर कारण विजेचे. निरोप न येता प्रकाशच नाहीसा झाला, तर फायबरवर संशय घ्यायचा. एकाच वेळी आठ-दहा गावांचे अखेरचे निरोप आले, तर त्या भागाचा वीजपुरवठाच गेला असावा. निरोप न देता आठ-दहा गावे एकदम नाहीशी झाली, तर मुख्य फायबर कुठेतरी कापली गेली असावी. एकच गाव गेले, तर त्या गावाकडे जाणारा फाटा आधी तपासायचा.

बॅटरी किंवा यूपीएस असलेल्या ठिकाणी याहून चांगली सोय होते. ‘वीज गेली, आता बॅटरीवर चालू आहे’ हा अलर्ट लावला, तर यंत्र बंद पडण्यापूर्वी हाताशी वेळ मिळतो. बॅटरी दोन तास चालणारी असेल, तर ते दोन तास वायाही जाऊ शकतात किंवा उपयोगीही पडू शकतात.

तुटलेल्या वाटेवरून निरोप येणार कसा?

अलर्ट लावताना सर्वाधिक होणारी चूक इथे आहे. गावातल्या राउटरला ‘लिंक तुटली की कळव’ असे सांगून ठेवले जाते. पण त्याची एकमेव वाट तीच लिंक असेल, तर ती तुटल्यावर निरोप जाणार कोणत्या रस्त्याने? राउटर इमानदारीने ट्रॅप पाठवतो आणि तो त्याच तुटलेल्या टोकाशी संपतो.

ही चूक केवळ छोट्या जाळ्यांत होते असे नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आदेशाने कंपनीचे मुख्य जाळे तुटले. असे आदेश अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणी प्रणालीतही दोष निघाला. अडचणीच्या वेळी वापरायचे वेगळे जाळेही बंद असल्याने अभियंत्यांना यंत्रांपर्यंत दूरवरून पोहोचता येईना. शेवटी माणसे प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली.

यावर उपाय तीन आहेत. पहिला, वर्दी वरच्या टोकाकडून घ्यायची. म्हणजे गावाची लिंक तुटल्याचा अलर्ट तालुक्याच्या राउटरवर लावायचा. दुसरा, वाटा दोन ठेवायच्या. रिंग पद्धतीत एक बाजू तुटली तरी निरोप दुसऱ्या बाजूने फिरून जातो. शिवाय महत्त्वाच्या ठिकाणी मोबाइल सिमचा आधार देता येतो. तिसरा उपाय हजेरीचा. सलग तीन वेळा उत्तर आले नाही, तर केंद्राने स्वतःच घंटा वाजवायची. दर पाच मिनिटांनी हजेरी घेतली, तर अगदी गप्प झालेले गावही साधारण पंधरा मिनिटांत लक्षात येते. म्हणून वर्दी आणि हजेरी यांपैकी एकच निवडायची नसते. दोन्ही लावायच्या असतात.

रिंग आल्यावर अलर्टची गरज कमी होते का?

उलट, ती वाढते. झाडाच्या रचनेत फायबर तुटली की नेट जाते आणि गावकरीच ओरड करतात. रिंगमध्ये एक बाजू तुटली तरी वाहतूक दुसऱ्या बाजूने वळते आणि गावात कोणाला काही जाणवत नाही. ही सोय चांगलीच आहे. पण तुटलेल्या बाजूची दखल कोणी घेतली नाही, तर रिंग प्रत्यक्षात एकेरी तारेवर चालू राहते. महिनाभराने दुसरी बाजूही कापली गेली, की मधली सगळी गावे एकदम बंद पडतात. तेव्हा ‘दोन वाटा असूनही बंद कसे पडले?’ असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर महिन्याभरापूर्वीच्या, कोणी न वाचलेल्या अलर्टमध्ये असते. त्यामुळे ‘सेवा सुरू आहे, पण आधाराची वाट गेली आहे’ हा अलर्ट वेगळा ठेवावा लागतो आणि ‘नेट तर चालू आहे’ म्हणून तो बंद करून टाकता येत नाही.

कोणते अलर्ट लावावेत?

राउटरला सगळेच कळवायला सांगितले, तर तो दिवसभर बोलत राहतो. गावपातळीवरच्या राउटरसाठी मोजके अलर्ट पुरतात. मुख्य पोर्ट बंद होणे आणि सुरू होणे; वीज जाणे आणि बॅटरी उतरणे; राउटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणे; आतले तापमान वाढणे; फायबरमधला प्रकाश मंदावणे; चुकीच्या पासवर्डने शिरण्याचा प्रयत्न होणे; आणि सेटिंगमध्ये कोणी बदल करणे.

यातला प्रकाश मंदावण्याचा अलर्ट विशेष उपयोगी, कारण तो बिघाडाच्या आधी येतो. प्रकाशाची ताकद डीबीएम या एककात मोजतात. ती तीन डेसिबलने घटली, तर प्रकाश निम्मा झाला असे समजायचे. ग्रामीण भागात वापरल्या जाणाऱ्या जीपॉन प्रकारच्या सामान्य डब्यांना उणे २७ डीबीएमपर्यंतचा क्षीण प्रकाश वाचता येतो. एखाद्या गावात कायम उणे २० असणारा आकडा पावसाळ्यात उणे २३ झाला, तर नेट अजून सुरूच असते आणि तक्रार कोणीच करत नाही. पण जोडणीत पाणी शिरले असेल किंवा फायबर कुठे वाकली असेल, तर तो आकडा पुढे आणखी घसरू शकतो. अशा वेळी सूचना मिळाली, तर मुदतीच्या गर्दीआधी सवडीने दुरुस्ती करता येते.

प्रत्यक्ष सेटिंग कसे करतात?

राउटर कोणत्याही कंपनीचा असला, तरी क्रम साधारण सारखाच असतो. सर्वप्रथम घड्याळ लावायचे. घड्याळ चुकीचे असेल तर ‘रात्री २ वाजता लिंक तुटली’ या नोंदीला काही अर्थ राहत नाही आणि दोन राउटरांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. त्यासाठी एनटीपी सर्व्हरचा पत्ता आणि भारतीय प्रमाणवेळ द्यायची. त्यानंतर नाव. कंपनीने दिलेले नाव तसेच ठेवले, तर शेकडो राउटर एकाच नावाने ओरडतात. म्हणून तालुका, गाव आणि ठिकाण कळेल असे नाव हवे.

मग एसएनएमपीची तिसरी आवृत्ती सुरू करून वापरकर्ता तयार करायचा. त्याला ओळख पटवण्याचा एक आणि माहिती गुप्त ठेवण्याचा दुसरा, असे दोन वेगळे पासवर्ड द्यायचे. अलर्ट कुठे पाठवायचे त्या सर्व्हरचा पत्ता लिहायचा आणि जमल्यास दोन सर्व्हर द्यायचे. कोणत्याही पोर्टला न बांधलेला ‘लूपबॅक’ पत्ता पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून निवडायचा. त्यामुळे निरोप कुठल्याही वाटेने आला, तरी कोणत्या राउटरचा ते ओळखू येते. यानंतर हवे तेवढेच ट्रॅप निवडायचे आणि सिसलॉगची पातळी ठरवायची. सिसलॉगमध्ये ० ते ७ अशा आठ पातळ्या असतात. ० म्हणजे यंत्रणा निकामी, ७ म्हणजे केवळ तपासणीसाठीची बारीकसारीक माहिती. ४ ही पातळी निवडली, तर ० ते ४ पर्यंतच्याच नोंदी पाठवल्या जातात.

शेवटच्या दोन पायऱ्या सर्रास राहून जातात. एक म्हणजे चाचणी. एखादे पोर्ट मुद्दाम बंद करून निरोप खरेच आला का, हे पाहायचे. दुसरी म्हणजे सेटिंग जतन करणे. मोठ्या जाळ्यांतल्या अनेक राउटरांमध्ये केलेला बदल तात्पुरत्या स्मृतीत राहतो. तो कायमस्वरूपी जतन केला नाही, तर पहिल्याच वीज खंडित होण्याने पुसला जातो. वीज वारंवार जाणाऱ्या भागात ही एकच चूक सगळी मेहनत वाया घालवते.

अलर्ट जास्त झाले तर काय होते?

‘लांडगा आला रे’ची गोष्ट इथे लागू पडते. फायबरची जोडणी सैल असेल, तर पोर्ट मिनिटाला दहा वेळा बंद-चालू होऊ शकते. तेवढ्या वेळा फोन वाजला, की माणूस तो आवाज बंद करतो आणि खरा बिघाड नेमका त्याच रात्री होतो. त्यासाठी दोन युक्त्या वापरतात. पहिली, थोडे थांबणे. लिंक तुटून दोन-तीन मिनिटे तशीच राहिली तरच फोन वाजवायचा. तात्पुरती उघडझाप नोंदवहीत ठेवायची. दुसरी, चढती आणि उतरती मर्यादा वेगळी ठेवणे. तापमान ६५ अंशांवर गेले की अलर्ट द्यायचा आणि ते ५८च्या खाली आले की ‘आता ठीक’ म्हणायचे, असे उदाहरण घेता येईल. एकच आकडा ठेवला, तर ६४ आणि ६६ यांच्यातल्या ये-जा करण्याने दिवसभर अलर्ट वाजत राहतात.

अवलंबित्वही सांगावे लागते. तालुक्याचा राउटर बंद पडला, तर त्याच्या पुढची सगळी गावे एकाच वेळी ‘बंद’ दिसतात. समजा ४० गावे असतील, तर ४० अलर्ट पाठवण्याऐवजी ‘तालुक्याचा राउटर बंद, ४० गावे त्यामुळे बाधित’ असा एकच निरोप हवा. कोणता राउटर कोणाच्या पुढे आहे, हे देखरेख प्रणालीला आधी सांगितलेले असेल तरच हे जमते.

अलर्ट कोणाच्या फोनवर जावा?

‘इंटरफेस ०/१ डाउन’ हा निरोप अभियंत्याला पुरतो. ग्रामसेवक किंवा केंद्रचालकाला त्यातून काहीच कळत नाही. देखरेख प्रणालीत निरोपाचा मजकूर बदलता येतो. ‘अमुक ग्रामपंचायत, सकाळी १०.४२पासून नेट बंद, कारण फायबर, दुरुस्तीची नोंद झाली’ असा मराठी एसएमएस गेला, तर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला थांबायचे की तालुक्याला जायचे, हे ठरवता येते. कारण विजेचे असेल, तर जनरेटर किंवा इन्व्हर्टरची सोय गावातच होऊ शकते.

निरोपाची वाटही विचारपूर्वक निवडावी लागते. गावातले नेट बंद असताना गावातल्याच वायफायवरच्या व्हॉट्सॲपवर निरोप पाठवून उपयोग नाही. एसएमएस किंवा फोन कॉलच हवा. शिवाय पहिल्या माणसाने ठरलेल्या वेळेत ‘मिळाला’ म्हणून दाब दिला नाही, तर निरोप वरच्या माणसाकडे जायला हवा. अलर्ट एका व्यक्तीच्या नावावर लावला आणि ती व्यक्ती बदलून गेली, तर निरोप जुन्याच क्रमांकावर जात राहतो. म्हणून तो पदाच्या किंवा गटाच्या नावावर लावणे शहाणपणाचे.

यात सुरक्षिततेचा धोका आहे का?

आहे, आणि तो मोठा आहे. एसएनएमपीच्या जुन्या दोन आवृत्त्यांत पासवर्डऐवजी एक साधा शब्द असतो आणि तो उघड्यावर प्रवास करतो. अनेक यंत्रांत कंपनीकडून तो ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ असा ठरलेला येई आणि पुष्कळ ठिकाणी तो कधी बदललाच जात नाही. ज्याला तो शब्द माहीत आहे, त्याला राउटरची सगळी माहिती वाचता येते. काही वेळा बदलही करता येतो. एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणांनी संयुक्त इशारा दिला होता. रशियाशी संबंधित ‘एपीटी२८’ या गटाने २०२१ मध्ये सिस्को राउटरांत एसएनएमपीमार्गे शिरकाव केल्याचे त्यात म्हटले होते. सोपे शब्द आणि न भरलेली जुनी त्रुटी यांचा त्यासाठी वापर झाला होता.

म्हणून तिसरी आवृत्ती वापरावी, ठरावीक सर्व्हरच्या पत्त्यावरूनच प्रश्न स्वीकारावेत आणि १६१ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटसाठी खुले ठेवू नये. भारतात ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे, नोंदी १८० दिवस जपणे आणि घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी जुळवणे अपेक्षित आहे. नोंदी राउटरच्याच स्मृतीत ठेवल्या, तर वीज गेल्यावर त्या पुसल्या जाऊ शकतात. सिसलॉग सर्व्हर वेगळा हवा तो यासाठीही.

घरातल्या किंवा सेवा केंद्रातल्या राउटरवर काय करता येईल?

घरगुती राउटरमध्ये एवढे पर्याय नसतात, पण काही गोष्टी मोबाइलवरूनही करता येतात. आधी दिवे ओळखावेत. ‘लॉस’ असे लिहिलेला दिवा लाल असेल, तर फायबरमधून प्रकाश येत नाही. राउटर दहा वेळा बंद-चालू करून फायदा नाही. तक्रार करतानाच ‘लॉस लाल आहे’ असे सांगितले, तर पुढचे बरेच प्रश्न वाचतात. तो दिवा बंद आणि फायबरचा ‘पॉन’ दिवा स्थिर हिरवा असूनही नेट नसेल, तर बिघाड बहुधा फायबरमध्ये नसून पुढे कुठेतरी आहे.

राउटरच्या ॲपमध्ये नवीन उपकरण जोडले गेल्याची किंवा फर्मवेअर अद्ययावत करण्याची सूचना असेल, तर ती सुरू ठेवावी. ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदलावा. सेवा केंद्र बंद असताना राउटर चालू आहे का, हे बाहेरून तपासणे अवघड असते. अनेक जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही. त्याऐवजी उलटी हजेरी लावता येते. केंद्रातला संगणक दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला ‘हजर’ असे कळवतो. ती हजेरी चुकली की ती सेवा केंद्रचालकाच्या मोबाइलवर निरोप पाठवते. निरोप बाहेरून येत असल्याने केंद्रातले नेट गेले तरी तो पोहोचतो.

फायबर कापली जाण्याआधीच सूचना मिळू शकते का?

रस्ता रुंदीकरण, नाली, पाण्याची जलवाहिनी यांच्या खोदकामात फायबर कापली जाणे, हे जाळे बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण आहे. त्यावर केंद्राच्या दूरसंचार विभागाचे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाले. खोदणाऱ्याने जागा नोंदवली, की तिथे जमिनीखाली तारा किंवा वाहिन्या असलेल्या संस्थांना एसएमएस, ईमेल आणि ॲपवर सूचना जाते. ग्रामपंचायतीने काम देताना कंत्राटदाराला या ॲपवर नोंद करायला लावली, तर राउटरला अलर्ट देण्याची वेळच येणार नाही.

ग्रामपंचायतीने काय विचारावे?

राउटरचे सेटिंग करणे ग्रामपंचायतीचे काम नाही. पण देखभाल करणाऱ्याला काही साधे प्रश्न विचारता येतात. आमचा राउटर बंद पडला तर तुम्हाला आम्ही फोन न करता किती मिनिटांत कळते? कारण वीज आहे की फायबर, हे तिथून सांगता येते का? आणि तो निरोप आमच्यापैकी कोणाच्या मोबाइलवर येतो? तिन्हींची उत्तरे तपासायला यंत्रसामग्री लागत नाही. जूनमध्ये, गर्दी नसताना, देखभाल करणाऱ्याला पूर्वकल्पना देऊन एकदा डब्याचा प्लग काढायचा, घड्याळ बघायचे आणि फोन वाजतो का, याची वाट पाहायची. तो वाजला नाही, तर दुरुस्तीसाठी जुलै संपेपर्यंतचा वेळ हाताशी असतो.